कालव्यांच्या शहराचे चित्र कसे पाहावे: कानालेत्तोच्या व्हेनिसमधील प्रकाश, प्रमाण आणि भाव

व्हेनिसचे एखादे चित्र समोर आले की बहुतेक प्रेक्षक पहिल्या काही क्षणांतच त्याला ‘शांत’, ‘उदास’ किंवा ‘प्रसन्न’ असे एखादे विशेषण लावून मोकळे होतात आणि मग त्या विशेषणाला पटतील तेवढ्याच गोष्टी त्यांना चित्रात दिसू लागतात. या लेखात सुचवलेली पद्धत नेमकी उलट क्रमाची आहे. चित्राचा भाव सर्वांत शेवटी पाहायचा. त्याआधी ऊन कोठून येते आणि माणूस इमारतीच्या मानाने किती लहान रंगवला आहे, या दोन गोष्टी पट्टी आणि पेन्सिल घेऊन तपासायच्या, कारण नगरदृश्यातला भाव बहुतांशी चित्रकाराच्या या दोन निर्णयांतूनच घडलेला असतो.

उदाहरण म्हणून जोव्हान्नी आंतोनियो कानाल, म्हणजेच कानालेत्तो (१६९७–१७६८) याचे ‘पाथरवटांचे आवार’ या नावाने ओळखले जाणारे चित्र घेतले आहे. सुमारे १७२५ मधले हे तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत असून ते १२३.८ सेंटिमीटर उंच आणि १६२.९ सेंटिमीटर रुंद आहे. त्यात सान मार्को हा व्हेनिसचा प्रसिद्ध चौक नाही, सोहळा नाही, शृंगारलेल्या नावा नाहीत. दगड घडवण्याचे एक तात्पुरते आवार, भोवतालची साधी घरे, मधून वाहणारा ग्रँड कॅनॉल आणि पलीकडच्या काठावरचे विटांचे चर्च एवढेच आहे. शिकण्यासाठी हे चित्र सोयीचे पडते, कारण त्यात विषयाच्या वैभवाने दिपून जाण्यासारखे काही नाही आणि जो काही परिणाम होतो तो रंगवण्यातूनच होतो.

तयारी

संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची, मोठी करून पाहता येणारी प्रतच वापरावी. पोस्टर, दिनदर्शिका आणि इकडून तिकडे फिरलेल्या प्रतिमा यांत रंग हमखास बदललेले असतात. शिवाय जुन्या छायाचित्रांत कित्येकदा चित्रावरच्या पिवळ्या पडलेल्या वॉर्निशचा थरही टिपला गेलेला असतो, आणि त्या पिवळेपणामुळे सकाळचे ऊन सहज तिन्हीसांजेचे वाटू लागते. ए-३ कागदावर एक रंगीत आणि एक कृष्णधवल अशा दोन प्रती छापून घ्याव्यात. ट्रेसिंग पेपर, तीस सेंटिमीटरची पट्टी, २बी पेन्सिल आणि जाड कागदाच्या दोन-तीन पट्ट्या एवढे साहित्य पुरते.

आणखी एक गोष्ट करावी, जी बहुतेक जण टाळतात. घरातल्या भिंतीवर चिकटपट्टीने १२४ गुणिले १६३ सेंटिमीटरचा आयत आखून त्याच्यासमोर दोन मीटरवर काही वेळ उभे राहावे. ए-३ प्रतीत हे चित्र मुळापेक्षा सुमारे चौपट लहान झालेले असते आणि मोबाइलच्या आडव्या पडद्यावर तर ते दहा पटींहून अधिक आक्रसते. ज्या चित्रात माणसाचे लहानपण हाच परिणामाचा मोठा भाग आहे, ते चित्र तळहातावर पाहिले तर माणसे लहान न वाटता नुसती दिसेनाशी होतात, आणि या दोन गोष्टींत मोठा फरक आहे.

पहिली पायरी: आपण कोठे उभे आहोत

नगरदृश्याला पत्ता असतो, आणि तो माहीत असेल तर उन्हाविषयीचा अर्धा तर्क आपोआप सुटतो. या चित्रातले आवार म्हणजे व्हेनिसमधला काम्पो सान व्हिदाल. आपण ग्रँड कॅनॉलच्या ईशान्येकडील काठावर आहोत आणि नैर्ऋत्येला, पाण्यापलीकडे पाहत आहोत. समोर दिसते ते सांता मारिया देल्ला कारिता हे चर्च. आज त्या वास्तुसमूहात गाल्लेरिए देल्ल’आक्कादेमिया हे कलासंग्रहालय आहे. आवारात पडलेले दगड सान व्हिदालच्या चर्चच्या बांधकामासाठी घडवले जात होते, असे मानले जाते.

गूगलच्या नकाशावर ही जागा उघडून पाहिली की तीन तफावती लगेच ध्यानात येतात. आवारातली लाकडी खोपटी आता नाहीत. या जागेला आज पलीकडच्या काठाशी जोडणारा आक्कादेमियाचा पूल चित्रात नाही, कारण ग्रँड कॅनॉलवर १८५४ पर्यंत रिआल्तोचा एकच पूल होता. आणि चर्चच्या बाजूला दिसणारा उंच घंटामनोरा १७४४ मध्ये कोसळला, म्हणजे चित्र रंगवल्यानंतर वीसेक वर्षांतच त्यातली सर्वांत उंच वस्तू नाहीशी झाली. ही माहिती भावाशी जोडण्याचा मोह होतो, पण चित्रकाराला मनोरा पडणार हे ठाऊक नव्हते. त्यामुळे जी हुरहुर आपल्याला वाटेल ती आपली आहे, चित्राची नाही. ती वहीत वेगळी लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: सूर्य शोधणे

महाराष्ट्रात वाढलेल्या डोळ्याला येथे थोडी दुरुस्ती करावी लागते. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर चढतो. व्हेनिस ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. तेथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. जूनअखेरीस दुपारी तो जास्तीत जास्त ६८ अंशांवर असतो आणि डिसेंबरात अवघ्या २१ अंशांवर. मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी भर दुपारी तेथे वस्तूची सावली वस्तूच्या उंचीएवढीच असते, आणि डिसेंबरात ती अडीच पटींहून लांब होते. त्यामुळे लांब सावली दिसली की सकाळ किंवा संध्याकाळ असणार, हा आपल्याकडचा सरधोपट निष्कर्ष तेथे लागू होत नाही.

आता कृष्णधवल प्रत घेऊन, ज्या ज्या भिंतीवर ऊन आहे तिच्यावर पेन्सिलीने फुली मारावी आणि जी सावलीत आहे तिच्यावर गोल करावा. ‘पाथरवटांचे आवार’मध्ये उजवीकडच्या घरांच्या, डावीकडे तोंड असलेल्या भिंतींवर फुल्या येतात, आणि डावीकडचे घर स्वतःची सावली आवारावर टाकते. म्हणजे सूर्य आपल्या डाव्या बाजूला, थोडा पाठीमागे आहे. आपण नैर्ऋत्येला पाहत असल्याने डाव्या पाठीमागची दिशा पूर्व ठरते, म्हणून ही सकाळ आहे. चित्रातला कोंबडा, ऊन देण्यासाठी बाहेर काढलेले अंथरूण आणि झाडलोट करता करता थांबलेली बाई हे सगळे सकाळच सांगतात, पण त्यांच्या आधी दिशेने सांगितलेले महत्त्वाचे, कारण माणसे आणि कोंबडे चित्रकार हवे तेथे ठेवू शकतो.

हीच कसोटी दुसऱ्या चित्रांना लावताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक म्हणजे, जमिनीवर पडलेल्या सावलीची लांबी मोजण्यात अर्थ नसतो, कारण आपल्यापासून दूर जाणारी सावली यथार्थदर्शनात, म्हणजे दूरचे लहान दिसते त्या नियमाने, आखूड दिसते. त्याऐवजी सज्जा, पागोळी, धुराडे यांची भिंतीवर पडलेली तिरपी सावली पाहावी. ती सगळीकडे नेमक्या ४५ अंशांत सापडली, तर चित्रकाराने ऊन पाहून नव्हे, वास्तुरेखनाच्या रूढ नियमाने सावली पाडली असण्याची शक्यता मोठी असते. दुसरे असे की, व्हेनिसमध्ये उत्तरेला तोंड असलेल्या दर्शनी भिंतीवर ऊन फक्त उन्हाळ्यात, आणि तेही भल्या सकाळी किंवा सायंकाळी पोहोचते. नकाशात उत्तराभिमुख असलेली इमारत चित्रात भर दुपारच्या उन्हात न्हालेली असेल, तर तेथे चित्रकाराने आपल्या सोयीसाठी सूर्य हलवला आहे असे समजावे. असा सूर्य हलवणे हा दोष नव्हे. तो का हलवला, हा प्रश्न मात्र पुढे भावाच्या पायरीवर उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: तीन छटांचा आराखडा

ट्रेसिंग पेपर कृष्णधवल प्रतीवर ठेवून, डोळे अर्धवट मिटून, चित्राचे केवळ तीन छटांत तुकडे पाडावेत: उजळ, मधला आणि गडद. खिडक्या, दगड, माणसे अशी नावे मनात येऊ देऊ नयेत. पंधरा-वीस तुकड्यांहून अधिक तुकडे पडत असतील तर डोळे आणखी मिटावेत. ही कृती दहा मिनिटांची आहे, पण या लेखातील दुसऱ्या कोणत्याही कृतीपेक्षा तिच्यातून अधिक कळते, म्हणून ती घाईने उरकू नये.

कानालेत्तोच्या या सुरुवातीच्या चित्राचा असा आराखडा केला की लक्षात येते ते हे: ऊन सर्वत्र सारखे पसरलेले नाही, ते तुकड्यातुकड्यांनी पडले आहे. आभाळात ढग आहेत, आवारात उजेडाचे आणि सावलीचे पट्टे एकाआड एक आले आहेत, आणि डोळा पहिल्या उजेडावरून दुसऱ्या उजेडाकडे, म्हणजे जवळच्या दगडांवरून पाण्याकडे आणि पाण्यावरून पलीकडच्या चर्चकडे सरकत जातो. दोन्ही बाजूंची घरे येथे विंगांचे काम करतात, आणि हे योगायोगाने झालेले नाही. कानालेत्तोचा बाप बेर्नार्दो कानाल हा नाटकांचे पडदे आणि नेपथ्य रंगवणारा होता, मुलगा त्याच्या हाताखाली शिकला आणि १७२० च्या सुमारास रोममध्ये ऑपेराच्या नेपथ्याचे काम करून परतल्यानंतर नगरदृश्यांकडे वळला. रंगमंचावर पुढचा भाग मंद ठेवून मधल्या भागावर उजेड टाकला की खोली वाढते, हे त्याला कॅनव्हासवर येण्याआधीच ठाऊक होते.

त्याच्या समकालीनांनाही हा फरक जाणवत होता. लुका कार्लेव्हारिस (१६६३–१७३०) हा त्याच्या आधीचा मान्यवर नगरदृश्यकार; पण लुक्का शहरातील एका संग्राहकाला चित्र मागवायचे होते तेव्हा, १७२५ मध्ये, त्याच्या मध्यस्थाने पत्रात असे कळवले की कानालेचे, म्हणजे कानालेत्तोचे, काम कार्लेव्हारिसच्याच धर्तीचे आहे, मात्र त्यात सूर्य प्रकाशताना दिसतो.

१७३० नंतरच्या एखाद्या चित्राचाही असाच आराखडा करून शेजारी ठेवावा. तेथे ढगांच्या सावल्या कमी होतात, आभाळ स्वच्छ होते, उजळ छटेचा वाटा बराच वाढतो आणि दूरची इमारतही जवळच्या इतकीच रेखीव दिसते. या चित्रांचे गिऱ्हाईक मुख्यतः युरोपच्या प्रवासाला आलेले इंग्रज उमराव होते आणि जोसेफ स्मिथ हा व्हेनिसमधला इंग्रज व्यापारी, जो पुढे तेथे कॉन्सल, म्हणजे ब्रिटनचा अधिकृत प्रतिनिधी, झाला, त्यांच्या आणि चित्रकाराच्या मध्ये होता. गिऱ्हाइकाला घरी नेण्यासाठी ओळखू येणारे शहर आणि निरभ्र दिवस हवा होता, आणि तो त्याला मिळाला. या काळातील काही चित्रे अप्रतिम आहेत, परंतु प्रस्तुत लेखकाला त्यांतले ऊन पुष्कळदा मागणीनुसार पुरवलेले वाटते. सुरुवातीच्या चित्रांत ऊन ढगाआडून येते आणि पुन्हा जाईल असे वाटत राहते.

सावलीतला रंगही याच पायरीवर रंगीत प्रतीत तपासून घ्यावा. कानालेत्तो सुरुवातीला कॅनव्हासला तांबूस-तपकिरी अस्तर देत असे आणि पुढे तो फिकट अस्तराकडे वळला. तांबूस अस्तरावर पातळ रंग दिला की सावल्या आतून ऊबदार राहतात. आभाळासाठी त्याने प्रशियन निळा वापरला. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये सापडलेला हा रंग तेव्हा नवाच होता. खालून येणारी तांबूस ऊब आणि वरचा गार निळा यांची ओढाताण हेच या चित्रातल्या हवेचे मर्म आहे.

चौथी पायरी: प्रमाण मोजणे

येथे पट्टी लागते. प्रथम डोळ्याची पातळी शोधावी. आपल्यापासून दूर जाणाऱ्या एकाच भिंतीवरच्या दोन आडव्या रेषा, म्हणजे छपराची कड आणि खिडक्यांच्या खालच्या कडा, पट्टीने वाढवाव्यात. त्या जेथे मिळतात तो लोपबिंदू, आणि त्यातून काढलेली आडवी रेषा ही क्षितिजरेषा. सपाट जमिनीवर चित्रकारही उभा असेल, तर जवळच्या आणि दूरच्या सर्व उभ्या माणसांची डोकी साधारण याच रेषेवर येतात. ‘पाथरवटांचे आवार’मध्ये जवळच्या माणसांची डोकी रेषेच्या बरीच खाली राहतात, म्हणजे आपण जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहावे तसे खाली पाहत आहोत. किती वर, हेही काढता येते. एखाद्या उभ्या माणसाच्या पायापासून डोक्यापर्यंतचे अंतर आणि त्याच पायापासून क्षितिजरेषेपर्यंतचे अंतर मोजून भागाकार करावा; उत्तर तीन आले, तर आपला डोळा तीन पुरुष उंचीवर, म्हणजे पाचेक मीटरवर आहे.

उंचीचा हा निर्णय भावासाठी फार मोलाचा असतो. जमिनीवरून पाहिले तर आपण गर्दीतले एक असतो आणि पुढची माणसे मागचे शहर झाकतात. पाच मीटरवरून पाहिले तर आवाराची जमीन उलगडते, प्रत्येक माणसाभोवती मोकळी जागा दिसते, आणि आपण त्या जगात नसलो तरी त्याच्या शेजारी असतो. त्याहून खूप उंचावरून पाहिले तर माणसांचे ठिपके होतात आणि शहर नकाशासारखे परके वाटू लागते. कानालेत्तोच्या पुष्कळ चित्रांतली दृष्टी पाण्याच्या मधोमध, हवेत अशा ठिकाणी असते जेथे कोणालाही उभे राहता येणार नाही. तरीही ते खटकत नाही, हे त्याच्या कसबाचे प्रमाण आहे.

यानंतर इमारतीची उंची माणसांत मोजावी. चूक होऊ नये म्हणून मोजण्याचे माणूस त्या इमारतीच्या पायथ्याशीच उभे असलेले घ्यावे. पुढच्या भागातले माणूस घेऊन मागचे चर्च मोजले तर उत्तर निरर्थक येते. पायथ्याशी माणूस नसेल तर नाव चालते. आजचा गोंडोला सुमारे ११ मीटर लांब असतो, आणि तो पूर्ण आडवा दिसत असेल तर पाण्यावर ठेवलेल्या मोजपट्टीसारखा वापरता येतो. मोजमाप कागदाच्या पट्टीवर खुणा करून घ्यावे आणि मग खरी उंची माहीत असलेल्या वास्तूशी ताडून पाहावे. सान मार्कोचा घंटामनोरा यासाठी सोयीचा आहे: तो ९८.६ मीटर उंच आहे, आणि १९०२ मध्ये कोसळल्यानंतर १९१२ पर्यंत तो पूर्वीच्याच रूपात पुन्हा बांधला गेला.

ताडून पाहताना कानालेत्तो ‘छायाचित्रासारखा अचूक’ आहे ही समजूत टिकत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील, १७२० च्या दशकाच्या अखेरीच्या सान मार्को चौकाच्या चित्रात घंटामनोऱ्याच्या खिडक्या खऱ्यापेक्षा कमी आहेत आणि चर्चपुढचे ध्वजस्तंभ खऱ्यापेक्षा उंच. इतरत्र त्याने दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून दिसणारी दृश्ये एकाच चित्रात बेमालूम जोडली आहेत, त्यामुळे एका नजरेत मावणार नाही एवढा रुंद पट्टा आपल्याला एका नजरेत दिसतो. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या इमारतींचे लोपबिंदू वेगवेगळे काढावेत. एकमेकांना समांतर असलेल्या भिंतींचे बिंदू एकाच ठिकाणी येत नसतील, तर तेथे सांधा आहे.

त्याने कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून कागदावर प्रतिमा पाडणारी पेटी, वापरली का, यावर बराच वाद झालेला आहे. गाल्लेरिए देल्ल’आक्कादेमियामध्ये त्याची एक रेखाटनवही आहे. तिच्यात कालव्याकाठच्या इमारतींची रांग पानामागून पान अशी तुकड्यांत टिपलेली असून जागोजागी रंगांच्या आणि ठिकाणांच्या नोंदी आहेत. दुसरीकडे, ब्रिटनच्या राजसंग्रहातील त्याच्या रेखाचित्रांच्या अवरक्त तपासणीत शाईखाली पेन्सिल आणि पट्टीने केलेली आखणी आढळली, आणि त्यावरून पेटीवरची भिस्त वाटते तेवढी नसावी असे अभ्यासकांनी मांडले. पाहणाऱ्याच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व मर्यादित आहे. पेटी वापरली असो वा नसो, कोणती इमारत किती सरकवायची हे पेटी ठरवत नाही.

पाचवी पायरी: पाणी

सावली आणि प्रतिबिंब यांची गल्लत हा नवशिक्या प्रेक्षकाचा नेहमीचा गोंधळ आहे. सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते, प्रतिबिंब मात्र सूर्य कोठेही असला तरी वस्तूपासून सरळ खाली, पाहणाऱ्याच्या दिशेने येते. स्थिर पाण्यात उजळ वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडे गडद आणि गडद वस्तूचे थोडे उजळ दिसते. पाणी हलू लागले की प्रतिबिंब उभे लांबत जाते, त्याच्या कडा तुटतात, आणि वारा सुटला की ते नाहीसे होऊन पाणी केवळ आभाळाचा रंग दाखवते. म्हणजे चित्रातले प्रतिबिंब पाहून हवा किती वाहत होती ते सांगता येते.

कानालेत्तोच्या नंतरच्या चित्रांत पाण्यावर लहान, पांढरट, वळणदार फटकारे एकसारखे ओळीने आलेले दिसतात. जवळून पाहिले तर ती लाट नाही, लाटेची खूण आहे. सुरुवातीच्या चित्रांत पाणी अधिक दाट आणि अनियमित आहे. ‘पाथरवटांचे आवार’मध्ये तर पाण्याला चित्राच्या मधला एक पट्टाच मिळाला आहे, या शहराचा मुख्य रस्ता पाण्याचा आहे हे त्यावरून कळते, पण चित्रकाराने त्याला मिरवलेले नाही. आडव्या पाण्याच्या पट्ट्याने अलीकडचे खरबरीत आवार आणि पलीकडचे चर्च वेगळे केले आहेत, एवढेच त्याचे काम.

सहावी पायरी: माणसांची गणना

आता संकेतस्थळावरची प्रत पूर्ण मोठी करून डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी आणि ओळीने पुढे सरकत प्रत्येक माणूस काय करतो ते एका वाक्यात लिहावे. एक लहान मूल उताणे पडून रडत आहे आणि त्याच वेळी त्याच्या लघवीची धार उडते आहे. आई झाडू टेकवून त्याच्याकडे धावते. एक छोटी मुलगी ते पाहत उभी आहे. वर सज्जात अंथरुणाला ऊन देणारी बाई आहे. दुसऱ्या एका सज्जात बाई सूत काततेय. कोणी विहिरीवर पाणी काढते आहे. व्हेनिसच्या चौकांतल्या या विहिरींत जमिनीखालच्या टाक्यांत गाळून साठवलेले पावसाचे पाणी असे, त्यामुळे चौकातली विहीर हे सबंध वस्तीचे सामाईक ठिकाण होते. पाथरवट गुडघे टेकून छिन्नी चालवत आहेत. खिडकीच्या कठड्यावर कोंबडा आहे, वाळत घातलेले कपडे आहेत.

यादी झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत: यातली किती माणसे एकमेकांकडे पाहतात आणि किती जण आपल्याकडे पाहतात? या चित्रात आपल्याकडे लक्ष देणारे कोणी नाही. जो तो आपल्या कामात आहे. नंतरच्या सोहळ्याच्या चित्रांत, उदाहरणार्थ दोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, याच्या बुचिंतोरो या राजनौकेच्या मिरवणुकीच्या दृश्यांत, माणसे शेकड्यांनी येतात पण ती ठरावीक फटकाऱ्यांत होतात: एक ठिपका डोके, एक स्वल्पविराम धड, एक पांढरी रेघ बाही. ती माणसे संख्येसाठी आहेत, त्यांना दिनक्रम नाही.

सातवी पायरी: भाव, आणि तो तपासण्यासाठी झाकून पाहणे

आता भावाविषयी एक वाक्य लिहावे, पण त्यात नुसते विशेषण नको, कारणही हवे. मग जाड कागदाच्या पट्ट्यांनी चित्राचा एकेक भाग झाकून ते वाक्य टिकते का ते पाहावे. आभाळ झाकले की आवार कोंदट वाटू लागते आणि ढगांमधून येणाऱ्या उजेडाचे कारण हरवते. माणसे झाकली की तेच आवार सोडून दिलेल्या जागेसारखे दिसते. उतरलेले गिलावे आणि अस्ताव्यस्त दगड एकदम उदास होतात. म्हणजे ज्या भिंतींवरून कोणी ‘पडके, जुने शहर’ म्हणेल, त्याच भिंती माणसांच्या लगबगीमुळे राहत्या घरांच्या होतात. चर्च आणि मनोरा झाकला तर दृश्य कोणत्याही गावातले होते. प्रस्तुत लेखकाचे वाक्य असे होते: उंच दगडी शहर आणि लहान माणसे असूनही चित्र दडपत नाही, कारण ऊन माणसांच्या जमिनीवर पडले आहे आणि दृष्टी एवढी खाली आहे की प्रत्येकाचे काम दिसते. वाचकाचे वाक्य वेगळे असू शकते. अट एवढीच की झाकण्याच्या कसोटीला ते उतरले पाहिजे.

आठवी पायरी: तुलना

एकच चित्र पाहून पद्धत अंगवळणी पडत नाही. पहिल्या तुलनेसाठी फ्रान्चेस्को ग्वार्दी (१७१२–१७९३) याचे मिलानच्या पोल्दी पेत्सोली संग्रहालयातील करड्या खाजणातल्या गोंडोल्याचे लहानसे चित्र घ्यावे. येथे सूर्य शोधण्याची पायरी जवळजवळ अपयशी ठरते, कारण उजेड सर्वत्र पसरलेला आहे आणि ठाम सावली कोठेच नाही. तीन छटांऐवजी दीडच छटा हाती लागते. प्रमाण मोजायला गेले तर नाव आणि नावाडी एवढेच माप आहे, बाकी पाणी आणि आभाळ. त्यामुळे या चित्रातला एकाकीपणा कोठून येतो हे सांगायला विशेषणांची गरज उरत नाही. चित्र हातभरही रुंद नाही, हेही भिंतीवर आखून पाहावे. मोठ्या कॅनव्हासवर हीच रिकामी जागा बडेजावाची वाटली असती.

दुसरी तुलना व्हेनिसबाहेरची, पण कालव्यांच्याच शहराची: योहान्नेस व्हर्मीरचे ‘डेल्फ्टचे दृश्य’, सुमारे १६६०–६१, हेगच्या माउरित्सहाइस संग्रहालयात. आपण दक्षिणेकडून उत्तरेला पाहत आहोत आणि ऊन उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून येते. येथेही सकाळच आहे. पण उजेडाची मांडणी निराळी आहे. वर गडद ढग, पाण्याकाठच्या भिंती आणि दरवाजे सावलीत, आणि ऊन पडले आहे ते तटाच्या आतल्या छपरांवर आणि ‘नवीन चर्च’ या नावाच्या चर्चच्या मनोऱ्यावर. कानालेत्तोने सूर्य माणसांच्या अंगणात आणला, व्हर्मीरने तो शहराच्या आत, आपल्याला जाता येणार नाही अशा ठिकाणी ठेवला. अलीकडच्या काठावर थोडकी माणसे उभी आहेत आणि अर्ध्याहून अधिक चित्र आभाळाला दिले आहे. पाण्याची पायरी येथे सर्वाधिक फलदायी ठरते: उजवीकडच्या रॉटरडॅम दरवाजाच्या जोड-मनोऱ्यांची प्रतिबिंबे पाण्यातून खाली येत जवळजवळ चित्राच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचतात, आणि तपासणीतून असे दिसले आहे की व्हर्मीरने ती आधी आखूड रंगवून नंतर लांबवली. पट्टी घेऊन मनोऱ्याची उंची आणि प्रतिबिंबाची लांबी मोजावी, आणि मग कागदाच्या पट्टीने प्रतिबिंबाचा वाढवलेला भाग झाकून, पलीकडचे शहर अलीकडच्या काठापासून किती दूर जाते ते पाहावे.